हरलेल्या उपसूचनांचे खासदार

अमरावतीच्या मतदारांनी १९५२, १९५७ आणि १९६२ अशा लागोपाठच्या तीन सार्वत्रिक निवडणुकांत एकाच माणसाला लोकसभेत पाठवले. माणूस तोच, गावेही जवळपास तीच. राज्य मात्र दर खेपेला वेगळे. पहिल्या निवडणुकीत अमरावती मध्य प्रदेशात होती आणि राजधानी नागपूर होती. दुसऱ्या निवडणुकीत ती द्वैभाषिक मुंबई राज्यात गेली होती, तिसऱ्या वेळी महाराष्ट्रात. वऱ्हाडातला कास्तकार जागचा हलला नाही, पण त्याच्या सातबाऱ्यावरचे सरकार दहा वर्षांत दोनदा बदलले. या सगळ्या उलथापालथीत त्याचा दिल्लीतला प्रतिनिधी तेवढा कायम राहिला. ते डॉ. पंजाबराव शामराव देशमुख, वऱ्हाडचे भाऊसाहेब.

त्यांचे संसदीय आयुष्य लोकसभेच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. १९३० मध्ये ते नागपूरच्या प्रांतिक कायदेमंडळात गेले. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडतर्फे संविधान सभेत बसले. संविधान लागू झाल्यावर त्या सभेचीच हंगामी संसद झाली. तिथून तीन लोकसभा. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते खासदार होते.

एवढ्या लांब कारकिर्दीचे मोजमाप आपण साधारणपणे निवडणुका, मंत्रिपदे आणि पुतळे मोजून करतो. भाऊसाहेबांच्या बाबतीत तिन्ही भरपूर आहेत, म्हणून काम सोपे वाटते. पण सभागृहांची जुनी दप्तरे चाळली की वेगळीच गोष्ट नजरेस येते. त्यांनी मांडलेल्या आणि सभागृहाने नाकारलेल्या सूचना त्यांच्या मंजूर कामांपेक्षा जास्त काळ जगल्या. त्यांतल्या काही तर आज, त्यांच्या पश्चात साठ वर्षांनी, पुन्हा वादाच्या मध्यभागी आहेत. या प्रकरणात त्यांची कारकीर्द आपण त्या बाजूने वाचणार आहोत.

निवडून आलेला, पण कागदावर नेमलेला

वऱ्हाडातून दिल्लीच्या सभागृहात जाण्याची वाट पंजाबरावांनी घातली नव्हती. त्यांच्या आधी अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे त्या वाटेने गेले होते. लोकमान्य टिळकांचे ते जवळचे सहकारी. अमरावतीला १८९७ मध्ये सर शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा स्वागताची धुरा त्यांच्याकडे होती. पुढे ते केंद्रीय कायदेमंडळात आणि नंतर कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये बसले. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांनीही मध्यवर्ती असेंब्लीत वऱ्हाडची बाजू मांडली.

या मंडळींच्या बाबतीत एक विचित्र कायदेशीर अडचण होती. वऱ्हाड हा इंग्रजांच्या ताब्यातला, पण मालकीने निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांकडे कारभारासाठी आला. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांनी वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात त्याचा कायमचा पट्टा करून घेतला आणि दुसऱ्या वर्षी तो मध्य प्रांताला जोडला. मालकी निजामाचीच राहिल्यामुळे वऱ्हाड कायद्याच्या भाषेत ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. त्यामुळे १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडात निवडणूक होई, लोक मते देत, उमेदवार जिंकून येई. पण सभागृहात तो बसे तो सरकारने ‘नेमलेला’ सदस्य म्हणून. नागपूरच्या कायदेमंडळात जाणाऱ्या वऱ्हाडी सदस्यांचीही तीच गत होती. लोकांनी निवडावे आणि सरकारी हुकमाने ती निवड खरी ठरावी, अशा या व्यवस्थेत वऱ्हाडच्या दोन पिढ्या राजकारण शिकल्या.

पापळ ते ऑक्सफर्ड आणि परत

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, आजच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या पापळ गावचा. घर शेतकऱ्याचे. गावात शाळा जेमतेम, म्हणून शिक्षण चांदूर रेल्वे, कारंजा लाड, अमरावती असे गाव बदलत झाले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते १९२० मध्ये इंग्लंडला गेले. एडिंबरोची एम. ए., ऑक्सफर्डची डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी एवढे घेऊन १९२६ मध्ये परतले. डॉक्टरेटचा विषय होता वैदिक वाङ्मयातील धर्म. तो प्रबंध १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने पुस्तकरूपाने काढला.

वेदांचा हा अभ्यासक अमरावतीत आला तो नेमक्या मंदिरप्रवेशाच्या वादात. अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, या मागणीसाठी नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. या चळवळीत पंजाबराव उघडपणे प्रवेशाच्या बाजूने उभे राहिले. त्याच महिन्यात त्यांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. देशमुखीचा मान असलेल्या घरातल्या मुलाने जातीबाहेर लग्न करणे त्या काळच्या वऱ्हाडात केवढे मोठे होते, हे सांगायला नको. विमलाबाई पुढे स्वतः १९६७ ते १९७२ या काळात राज्यसभेच्या सदस्य झाल्या.

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तिथे त्यांनी शिक्षणासाठीचा कर वाढवला आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. कर वाढवून लोकप्रिय होणे अवघड असते. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने तो वाढीव कर सोसला याचे एक कारण असे, की त्या पैशाची शाळा त्याला आपल्याच गावात उभी राहताना दिसत होती.

नागपूर: देवळाचा पैसा आणि सावकाराचे कर्ज

१९३० मध्ये पंजाबराव नागपूरच्या कायदेमंडळात गेले आणि लगेच मंत्री झाले. तेव्हा प्रांतात द्विदल राज्यपद्धती होती. पोलीस, जमीन महसूल, तिजोरी ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्यांच्या कार्यकारी सदस्यांच्या हाती असत. शिक्षण, शेती, सहकार ही ‘सोपीव’ खाती कायदेमंडळाला जबाबदार असलेल्या मंत्र्यांकडे. म्हणजे शाळा काढायची जबाबदारी मंत्र्याची आणि पैशाची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. पंजाबरावांकडे शिक्षण आणि शेती आली. देशात कायदेभंग चालू असल्याने काँग्रेसने त्या निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. अशा वेळी मंत्रिपद घेणाऱ्याकडे लोक संशयाने पाहत. त्या टीकेला तोंड देतच त्यांनी तीनेक वर्षे काम केले आणि १९३३ मध्ये राजीनामा दिला.

या तीन वर्षांतली त्यांची सर्वांत गाजलेली कृती कायदा होऊ शकली नाही. १९३२ मध्ये त्यांनी हिंदू देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मांडले. देवस्थानांकडे जमिनी आहेत, उत्पन्न आहे, पण त्याचा हिशेब कोणी मागत नाही. हा पैसा समाजाच्या शिक्षणासारख्या कामाला लावता यावा, असा त्यामागचा विचार होता. वैदिक धर्मावर ग्रंथ लिहिणारा माणूसच देवळाच्या तिजोरीला हात घालतो आहे, हे सनातनी मंडळींना सहन झाले नाही. विरोध जोराचा झाला आणि विधेयक बारगळले.

प्रश्न मात्र बारगळला नाही. १९५० मध्ये मुंबई राज्याने आणि १९५१ मध्ये मध्य प्रदेशाने सार्वजनिक न्यासांचे कायदे केले. देवस्थान असो की धर्मशाळा, नोंदणी हवी, हिशेब ठेवला पाहिजे, तपासणी झाली पाहिजे, हे मान्य झाले. हे कायदे पंजाबरावांच्या विधेयकातून जन्मले असे म्हणणे ओढूनताणून होईल. पण धर्मादाय पैसा ही खासगी बाब नाही, हा मुद्दा वऱ्हाडच्या एका प्रतिनिधीने सभागृहाच्या दप्तरी त्याआधी अठरा वर्षे नोंदवून ठेवला होता, एवढे खरे.

दुसरा प्रश्न कर्जाचा. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. वऱ्हाड म्हणजे कापूस. कापसाचा भाव पडला की जिनिंगपासून किराणा दुकानापर्यंत सगळेच थंडावते. शेतकऱ्याचे देणे मात्र जुन्या भावाने घेतलेले, आणि वसुलीला सावकार दारात. मध्य प्रांतात १९३३ मध्ये कर्ज तडजोडीचा कायदा झाला. धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून कर्जाचा आकडा खाली आणायचा, हप्ते बांधून द्यायचे, असे काम त्याखालच्या मंडळांकडे दिले गेले. ‘शेतकरी संघ’ या संघटनेच्या वतीने पंजाबरावांनी हा प्रश्न लावून धरला होता, आणि वऱ्हाडच्या आठवणीत ‘कर्ज लवाद’ आणि भाऊसाहेब ही जोडी तेव्हापासून पक्की झाली.

संविधान सभा: दोन पराभव

संविधान सभेत वऱ्हाडची माणसे बरीच होती. अकोल्याचे ‘विदर्भ केसरी’ ब्रिजलाल बियाणी होते, यवतमाळचे काझी सय्यद करीमुद्दीन होते. या सगळ्यांत पंजाबरावांचे वैशिष्ट्य म्हणजे ते उपसूचना मांडत, आणि अनेकदा मसुदा समितीच्या अगदी विरुद्ध दिशेच्या मांडत.

उपसूचना म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मसुद्याचे एक कलम सभेपुढे येई. सदस्य आधी लेखी सूचना देऊन त्यातला एखादा शब्द बदला, वाक्य वगळा किंवा नवे घाला, असे सुचवत. चर्चा होई, बहुतेक वेळा शेवटी आंबेडकर उत्तर देत, आणि मग अध्यक्ष राजेंद्रप्रसाद प्रत्येक उपसूचना मताला टाकत. बहुतेक उपसूचना आवाजी मतदानात पडत किंवा मागे घेतल्या जात. पण जिंकलेली आणि हरलेली, दोन्ही भाषणे शब्दशः छापली जात. त्यामुळे कोणता प्रश्न कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणांनी उभा केला, हे आज कोणालाही वाचता येते.

पहिली मोठी उपसूचना ऑगस्ट १९४९ ची, नागरिकत्वाच्या कलमावरची. फाळणीनंतर लाखो माणसे सीमा ओलांडून आली होती, येत होती, काही परत जात होती. भारताचा नागरिक कोण, हे ठरवताना मसुदा समितीला, एक कलम सोडले तर, दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिला नसेल एवढा त्रास झाल्याचे आंबेडकरांनीच सभेत सांगितले. पंजाबरावांचा आक्षेप असा, की मसुद्यातले नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त आहे. परदेशी जोडपे प्रवासात मुंबईला थांबले आणि तिथे त्यांना मूल झाले, तर तेवढ्यावर ते मूल भारतीय होणार का, असा त्यांचा सवाल होता. मग त्यांनी स्वतःचा मसुदा मांडला. त्यातला एक भाग असा, की जो धर्माने हिंदू किंवा शीख आहे आणि दुसऱ्या कोणत्याही देशाचा नागरिक नाही, तो कुठेही राहत असला तरी त्याला भारताचे नागरिक होण्याचा हक्क असावा. मुसलमानांना त्यांचा देश मिळाला आहे, हिंदू-शिखांना दुसरे ठिकाण कुठे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

नेहरूंनी त्याला विरोध केला. नियम सर्वांना सारखे असावेत, एका धर्माला एक आणि दुसऱ्याला दुसरा असे करता येणार नाही, ही त्यांची भूमिका. सभेने पंजाबरावांची उपसूचना फेटाळली आणि नागरिकत्वाची कलमे धर्माचा उल्लेख न करता संमत झाली.

हा वाद १९४९ मध्येच संपला असे सत्तर वर्षे वाटत राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती केली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. दोन्ही मजकूर सारखे नाहीत. पंजाबरावांची सूचना देशांच्या सीमा न घालता होती आणि दोनच धर्मांपुरती होती; नव्या कायद्यात देश ठरलेले, धर्म सहा आणि मुदतीची तारीख आहे. पण नागरिकत्व देताना धर्म पाहावा का, हा मूळ प्रश्न तोच. २०१९ नंतरच्या चर्चेत दोन्ही बाजूंच्या लोकांनी १९४९ ची ती पाने उघडली. एका बाजूला त्यांत आधार दिसला. दुसऱ्या बाजूने दाखवले, की संविधानकर्त्यांपुढे ही सूचना आली होती आणि त्यांनी ती जाणूनबुजून नाकारली.

ज्या माणसाने अंबादेवीचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून आग्रह धरला, त्यानेच नागरिकत्वाचे दार धर्म पाहून उघडावे असे म्हटले, ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. थोर माणसाच्या चरित्रात ती बसत नाही म्हणून चरित्रकार तिला वळसा घालतात. सभेच्या खंडांत ती तशीच छापलेली आहे.

दुसरा पराभव मागासवर्गीयांच्या बाबतीतला. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी संविधानात तरतुदी होत होत्या. पण शेती करणारी, कारागिरी करणारी, अस्पृश्य नसलेली तरी शिक्षणात आणि नोकरीत कुठेच नसलेली जी मोठी लोकसंख्या होती, तिचे काय? पंजाबरावांनी हा प्रश्न सभेत वारंवार काढला. सरकारी नोकऱ्या मूठभर पुढारलेल्या जातींकडे आहेत, खेड्यातल्या समाजांना त्यांत पुरेसा वाटा मिळाला पाहिजे, अशी त्यांची मागणी होती. आकडेवार वाटा सभेने मान्य केला नाही. मिळाले ते कलम ३४०: मागासवर्गांची स्थिती तपासण्यासाठी राष्ट्रपतींना आयोग नेमता येईल. हक्काऐवजी चौकशी. संविधान लागू झाल्यावर लगेच, १९५० मध्ये, अखिल भारतीय मागासवर्ग महासंघ उभा राहिला. पंजाबराव त्याचे अध्यक्ष झाले.

दहा वर्षे मंत्री

पंजाबराव ‘देशाचे पहिले कृषिमंत्री’ होते, असे वऱ्हाडात सर्रास लिहिले-बोलले जाते. फलकांवरही ते सापडते. ते बरोबर नाही. स्वातंत्र्याच्या वेळी अन्न आणि शेती खाते राजेंद्रप्रसादांकडे होते, नंतर जयरामदास दौलतराम आणि कन्हैयालाल मुन्शी यांच्याकडे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, १९५२ मध्ये, पंजाबराव केंद्रात शेतीचे मंत्री झाले, पण कॅबिनेटमधले अन्न व कृषिमंत्री दुसरेच असत: आधी रफी अहमद किडवाई, १९५४ मध्ये त्यांच्या निधनानंतर अजितप्रसाद जैन, मग १९५९ पासून स. का. पाटील. वरचे मंत्री बदलत गेले. पंजाबराव १९६२ पर्यंत राहिले. मधल्या काळात सहकाराचे कामही त्यांच्याकडे आले. कॅबिनेटच्या बाहेर राहून एकाच विषयावर दहा वर्षे काढणे हे ‘पहिले’ असण्यापेक्षा दुर्मीळ आहे.

त्या दहा वर्षांत देश धान्यासाठी बाहेर पाहत होता. १९५६ पासून अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेखाली गहू येऊ लागला. पंजाबरावांचा भर होता तो आहे त्याच जमिनीत जास्त पिकवण्यावर. १९५३ पासून भातशेतीच्या जपानी पद्धतीची देशभर मोहीम चालली, तिचे ते सर्वांत उत्साही प्रचारक. पद्धत साधी होती: उंच वाफ्यावर रोपे करायची, बियाणे थोडे वापरायचे, ओळीत ठरावीक अंतरावर लावणी करायची, खत भरपूर घालायचे आणि ओळींमधून कोळपायचे. कोकणात, भंडाऱ्यात, दक्षिणेत तिचा उपयोग होता. त्यांच्या स्वतःच्या मतदारसंघात मात्र भात नाममात्र. तिथे कापूस आणि ज्वारी, तीही पावसाच्या भरवशावर. देशाचा शेतीमंत्री आणि कोरडवाहू वऱ्हाडचा खासदार यांची वाट नेहमी एक नसते, हे यात दिसते.

त्यांचे दुसरे मोठे काम शेतकऱ्यांच्या संघटनेचे. १९५५ मध्ये भारत कृषक समाज स्थापन झाला. पिकांच्या भावापासून बियाण्यापर्यंत शेतकऱ्याने स्वतः बोलावे, अशी त्यामागची कल्पना. याच संस्थेच्या पुढाकाराने दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. ११ डिसेंबर १९५९ रोजी त्याच्या उद्घाटनाला राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्यासोबत अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. शीतयुद्धाचे दिवस, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकाच मैदानावर आपापली शेती दाखवत होते, आणि ती पाहायला भारतातल्या खेड्यांतून माणसे येत होती.

पण मंत्रिपदाने मागासवर्गांच्या प्रश्नावर त्यांचे तोंड बांधले. कलम ३४० खालचा पहिला आयोग काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली जानेवारी १९५३ मध्ये नेमला गेला आणि मार्च १९५५ मध्ये त्याने अहवाल दिला. २,३९९ जाती-समूह मागास असल्याचे त्याने सांगितले. अहवालासोबतच्या पत्रात मात्र खुद्द अध्यक्षांनीच जात हा निकष मानण्याला विरोध नोंदवला. सरकारने अहवाल स्वीकारला नाही. १९६१ मध्ये तर केंद्राने राष्ट्रीय पातळीवर अशी यादी करायचीच नाही असे ठरवले आणि राज्यांनी हवे तर आपले निकष ठरवावेत, तेही शक्यतो आर्थिक, असे कळवले. मागासवर्गांच्या मागणीचा सर्वांत जुना पुरस्कर्ता त्या वेळी त्याच सरकारात मंत्री होता. सामूहिक जबाबदारीचा नियम असा, की सरकारचा निर्णय मंत्र्याचाही निर्णय. सभागृहात जे साध्या सदस्याला बोलता येते, ते मंत्र्याला येत नाही. संविधान सभेतले पंजाबराव आणि मंत्रिमंडळातले पंजाबराव यांच्यातला फरक त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या नियमात शोधावा.

पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. १९७९ मध्ये मंडल आयोग नेमला गेला, डिसेंबर १९८० मध्ये त्याने अहवाल दिला, ऑगस्ट १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह सरकारने केंद्राच्या नोकऱ्यांत २७ टक्के जागा इतर मागासवर्गांसाठी राखल्या आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. हा आयोगही कलम ३४० खालचाच. विदर्भातला कुणबी समाज आज इतर मागासवर्गात आहे, आणि त्याचे श्रेय लोक भाऊसाहेबांना देतात. मराठा आरक्षणाच्या अलीकडच्या वादातही त्यांचे नाव पुन्हा पुन्हा निघाले.

सभागृहाच्या बाहेर

सभागृहात जे हरले, त्यातले बरेचसे त्यांनी बाहेर स्वतः करायला घेतले होते. देवस्थानांचा पैसा शाळांना मिळाला नाही. मग लोकवर्गणी काढली. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय निघाले, तिथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहू लागली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. तिच्या शाळा आणि महाविद्यालये अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ अशी पसरली. नोकऱ्यांत वाटा मागायचा तर आधी पदवीधर तयार हवेत, हा हिशेब त्यामागे स्पष्ट दिसतो. १९६१ मध्ये दिल्लीत शिवाजी कॉलेज निघाले, तेही त्यांच्याच प्रयत्नाने. आज ते दिल्ली विद्यापीठाचे महाविद्यालय आहे.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, पण ते त्यांच्या हयातीत झाले नाही. महाराष्ट्राचे पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला स्थापन झाले. विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ मिळावे म्हणून त्याआधीच, १९६७ मध्ये, अकोला आणि आसपास आंदोलन पेटले होते. त्यात बळीही गेले. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी पंजाबराव कृषी विद्यापीठ अकोल्यात सुरू झाले.

सरकारी अर्जांवरही हे नाव रोज लिहिले जाते. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्या शेतकऱ्याला व्याजात सूट देणारी राज्याची योजना त्यांच्या नावाची आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना निर्वाह भत्ता देणारीही. कर्ज आणि वसतिगृह: १९२७ ते १९३३ या काळात त्यांनी ज्या दोन प्रश्नांपासून सुरुवात केली, तेच दोन. नाव देणाऱ्यांनी निवड चांगली केली. प्रश्न मात्र अजून योजनांचीच वाट पाहतात, ही त्याची दुसरी बाजू.

कारकीर्द कशी मोजावी

पंजाबरावांनंतर वऱ्हाडाने दिल्लीला दीर्घकाळ टिकलेली आणखी माणसे दिली. वसंत साठे १९७२ च्या पोटनिवडणुकीत अकोल्यातून लोकसभेत गेले, १९७७ मध्ये पुन्हा निवडून आले आणि नंतर वर्ध्यातून तीनदा जिंकले. १९८२ मध्ये त्यांच्या माहिती खात्याच्या काळात देशाला रंगीत दूरदर्शन मिळाले. देशाला अध्यक्षीय पद्धत हवी, हा त्यांचा आग्रह मात्र कोणी मानला नाही. संजय धोत्रे २००४ पासून सलग चार वेळा अकोल्यातून निवडून आले आणि केंद्रात राज्यमंत्री झाले. जिंकलेल्या निवडणुका मोजल्या तर अकोल्याची ही कामगिरी पंजाबरावांच्या अमरावतीपेक्षा वरचढ ठरते.

निवडणुकांची संख्या मतदाराचा विश्वास सांगते. मंत्रिपद पक्षाचा विश्वास सांगते. सभागृहात त्या माणसाने काय केले, हे या दोन्हींतून कळत नाही. त्यासाठी त्याची भाषणे, प्रश्न आणि उपसूचना वाचाव्या लागतात. त्यातल्या मंजूर झालेल्या गोष्टी बहुधा त्याच्या एकट्याच्या नसतात. पक्ष, सरकार, अधिकारी, काळ असे सगळ्यांचे हात त्यांना लागलेले असतात. नाकारल्या गेलेल्या सूचना मात्र त्याच्या स्वतःच्या असतात. त्या मांडून त्याला काही मिळणार नव्हते, तरी त्या मांडल्या. म्हणून तो माणूस खरोखर काय मानत होता हे त्यांतूनच कळते. त्या दर वेळी बरोबरच असतील असे नाही. पंजाबरावांनी मागासवर्गांच्या वाट्याबद्दल जे सुचवले ते देशाने उशिरा का होईना, बऱ्याच अंशी मान्य केले. नागरिकत्वाबद्दल जे सुचवले ते संविधान सभेने का नाकारले, याची कारणे आजही तितकीच वजनदार आहेत.

संविधान सभेची सगळी चर्चा आणि लोकसभेचे कामकाज आता संकेतस्थळांवर खुले आहे. आपल्या खासदाराचे नाव घालून शोधले, तर त्याने पाच वर्षांत काय विचारले हे घरबसल्या वाचता येते. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात येईल तेव्हा त्याला रस्त्याबद्दल आणि विम्याच्या पैशांबद्दल जरूर विचारावे. पण त्यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: हरणार हे माहीत असूनही तुम्ही सभागृहात कोणती सूचना मांडलीत?